गुरं राखायला

आमच्या शाळेत गणित चुकलं की गुरुजींचं एक ठरलेलं वाक्य होतं : "शाळा सोड आणि गुरं राखायला जा." मराठी शाळेत शिकलेल्या माझ्या वयाच्या बहुतेकांनी ते एकदा तरी ऐकलेलं असणार. पुढे नोकरीनिमित्त इंदूरला तीस वर्षं काढली तेव्हा कळलं की हिंदीतही हेच वाक्य आहे, फक्त गुरांच्या जागी म्हैस येते. गुरुजी मला तसं म्हणाले की वर्गातली पोरं जरा जास्तच हसायची. कारण माझा थोरला भाऊ खरोखरच गुरं राखत होता.

आमचं गाव माण तालुक्यात. सातारा म्हटलं की लोकांना महाबळेश्वरचा पाऊस आठवतो. माण त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, पण पाऊस डोंगरापलीकडेच संपतो. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो, आण्णा चौदाचा. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. आण्णाने सातवीतून शाळा सोडली आणि तोही खडीवर गेला. पुढच्या वर्षी पाऊस झाला. जगलीवाचलेली जनावरं पुन्हा माळावर सोडायची वेळ आली, पण गावचा जुना गुराखी पोटासाठी मुंबईला गेला होता, तो परतलाच नाही. गावाने वडिलांना विचारलं. दर जनावरामागे सुगीला धान्य ठरलं. आण्णा गुराखी झाला आणि मी पाचवीत गेलो. दोघांपैकी एकानेच शिकायचं, असं घरात कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. बोलावं लागलं नाही.

सकाळी वेशीत उभा राहून आण्णा एक लांब शीळ घालायचा. दाव्याची सोडलेली गुरं आपापल्या बोळातून वेशीकडे यायची. पन्नास-साठ जनावरं, त्यांत निम्मी खिलार. खिलार जात देखणी, चपळ, पण तापट. परक्याला जवळ येऊ देत नाही. आण्णाच्या हातात काठी असे, ती जनावराच्या पाठीत बसलेली मी क्वचितच पाहिली. रविवारी मी त्याच्याबरोबर जायचो. एकदा एक खोंड बाजरीच्या रानाकडे वळलं म्हणून मी ओरडत त्याच्या तोंडासमोर धावलो. ते बिथरून तिसरीकडेच पळालं, त्याच्यामागे आणखी चार. आण्णा चिडला नाही. सगळी गोळा करून आणल्यावर म्हणाला,

"जनावराच्या डोळ्यात बघू नगं. त्येला वाटतं, ह्यो आपल्याला धरायला आला. खांद्याकडं बघायचं. खांद्याच्या मागं हुबा ऱ्हायलास तर त्ये म्होरं जातं, खांद्याच्या म्होरं आलास तर थांबतं. एवढंच हाय."

एवढंच आहे, असं तो म्हणाला आणि मीही तसंच धरून चाललो. एवढंच, म्हणजे त्यात विशेष काही नाही.

मी शिकलो, बँकेत लागलो, बदल्या होत होत इंदूरला स्थिरावलो. १९९४ साली आण्णा पहिल्यांदा आमच्याकडे आला. बरोबर बाजरीचं पोतं आणि तुपाची किटली. संध्याकाळी आमचे साहेब अचानक घरी आले. पटका बांधून सोफ्याच्या कडेवर बसलेल्या माणसाकडे त्यांनी पाहिलं. मी हिंदीत म्हणालो, "गावाकडून आलेत. आमची शेती बघतात." 'मोठे भाऊ' एवढं म्हणायला दोनच शब्द लागले असते. आण्णाला हिंदी येत नव्हतं, पण तेवढं कुणालाही कळतं. तो उठला, साहेबांना नमस्कार केला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. साहेब गेल्यावर मी त्याला आत बोलावलं. आम्ही जेवलो. त्याबद्दल तो कधी एक शब्द बोलला नाही. मीही नाही.

हे सगळं मला नको तितकं स्पष्ट आठवलं ते ऑस्ट्रेलियात, एका पत्र्याच्या छपराखाली, कागदी पेल्यातला चहा हातात धरून बसलेलो असताना.

माझी मुलगी जनावरांची डॉक्टर आहे. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकली, तिकडची परीक्षा दिली आणि आता क्वीन्सलंडमध्ये टुवूम्बा शहराच्या परिसरात गुराघोड्यांवर उपचार करते. टुवूम्बाच्या पश्चिमेला डार्लिंग डाउन्स नावाचा काळ्या मातीचा विस्तीर्ण प्रदेश सुरू होतो. ती माती पाहून मला आपल्या विदर्भाची आठवण आली. आमच्या माणात एवढी माती असती तर कदाचित आम्ही दोघंही शिकलो असतो. जुलैत मी तिच्याकडे होतो. एका शनिवारी ती म्हणाली, "बाबा, आज माझी ड्यूटी कॅम्पड्राफ्टला आहे. चला, तुम्हाला आवडेल." ड्राफ्ट म्हटल्यावर बँकेत जन्म घालवलेल्या माणसाला एकच ड्राफ्ट आठवतो. मी विचारलं, "डिमांड की बँकर्स?" ती हसली आणि म्हणाली, "गुरांचा."

तिने वाटेत समजावलं. कुंपणं नव्हती त्या काळी तिथल्या अफाट रानात निरनिराळ्या मालकांची जनावरं मिसळून चरत. ती एका जागी गोळा करून थोपवून धरायची, त्या जागेला कॅम्प म्हणत. मग घोडेस्वाराने त्या घोळक्यात शिरून आपलं एकेक जनावर वेगळं काढायचं, ते ड्राफ्टिंग. रोजच्या या कामाची पुढे स्पर्धा झाली. १८८५ साली न्यू साउथ वेल्समधल्या टेन्टरफील्ड गावच्या जत्रेत ती पहिल्यांदा भरली, असं मानतात. आता दर वर्षी ऑक्टोबरात जवळच्या वॉरिक शहरात तिचा मोठा सोहळा असतो. आम्ही गेलो ती स्पर्धा लहान होती. एक मैदान, लाकडी कठडे, शे-दोनशे गाड्या, घोड्यांचे ट्रेलर, आणि सगळीकडे कुत्री.

सकाळचा भाग कुत्र्यांचा होता. स्वार घोड्यावर, त्याचं कुत्रं जमिनीवर, आणि दोघांनी मिळून तीन गोऱ्हे मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाच्या छोट्या वाड्यात घालायचे. वेळ मोजलेली.

कुत्री हा माझा अभ्यासाचा विषय नाही, पण आमच्या भागात धनगर आहेत आणि त्यांची कुत्री मी लहानपणापासून पाहिली आहेत. पावसाळा सरला की त्यांचे वाडे कोकणाकडे निघतात : मेंढरं, घोड्यावर लादलेला संसार, आणि बाजूने चालणारी कुत्री. धनगराचं कुत्रं कळप हाकत नाही. ते राखण करतं. रात्री मेंढरांकडे पाठ करून बाहेरच्या अंधाराकडे बघत बसतं, कारण आमच्या माळावर लांडगा आहे. इथलं कुत्रं उलटं, ते कळपाकडे तोंड करून काम करतं. एक केल्पी जातीची कुत्री होती. काळी-तांबडी, अंगाने आपल्या गावठी कुत्रीएवढीच. ही जात व्हिक्टोरिया राज्यात, एकोणिसाव्या शतकात, स्कॉटलंडहून आणलेल्या कुत्र्यांपासून तयार झाली. मान खाली, डोळे समोर, पाऊल दबकं. मुलगी म्हणाली, "ही लांडग्याच्या शिकारीचीच चाल आहे, बाबा. हेरायचं, घेरायचं, जवळ जायचं. शेवटचा चावा तेवढा माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत मागे सारला." म्हणजे आमच्याकडे कुत्रं लांडग्याला अडवतं आणि इथे लांडग्याचंच कसब कामाला लावलं आहे.

पहिला स्वार तरणा होता. घोडा उमदा, आवाज मोठा. शिट्ट्या, आरडाओरडा, कुत्र्याला एकामागून एक हुकूम. गोऱ्हे बुजले, दोन डावीकडे, एक उजवीकडे. वेळ संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा कुत्रं जीभ काढून त्याच्याकडे पाहत होतं, आता नक्की काय करू, अशा नजरेनं.

त्यानंतर साठीच्या आसपासची एक बाई आली. तांबूस घोडी, निळसर-करड्या रंगाचं कुत्रं. ब्लू हीलर म्हणतात त्याला. डिंगो या तिथल्या रानकुत्र्याचं रक्त त्याच्यात आहे. जनावर हटवादीपणा करायला लागलं की मागच्या खुराजवळ हलकेच चावतं आणि लाथ यायच्या आत जमिनीला चिकटतं. बाईने कुत्र्याला एक शीळ घातली. ते लांबून वळसा घालून गोऱ्ह्यांच्या पलीकडे गेलं आणि थांबलं. ती अलीकडे थांबली. मग बराच वेळ काहीच झालं नाही. गोऱ्ह्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं. बाईने घोडी दोन पावलं मागे घेतली. तेवढ्याने पुढच्या गोऱ्ह्याने मान वळवली आणि तो चालू लागला. बाकीचे दोन त्याच्यामागे. कुठेही धावपळ नाही. एकदा मधला गोऱ्हा फाकला तेव्हा घोडी त्याच्या खांद्यापुढे सरकली, तो थांबला. घोडी खांद्यामागे गेली, तो सरळ झाला. तिघेही वाड्यात शिरले, तेव्हा कुठे लोकांना टाळ्या वाजवायचं सुचलं.

समालोचक माइकवर समजावत होता. प्रत्येक जनावराभोवती एक न दिसणारं रिंगण असतं, त्याच्या कडेला उभं राहायचं. खांदा हा तोल सांभाळायचा बिंदू. त्याच्या मागे राहा, जनावर पुढे जाईल. पुढे या, ते थांबेल. मुलगी म्हणाली, "आमच्या अभ्यासात होतं हे. टेम्पल ग्रँडिन नावाच्या अमेरिकन बाईंनी यावर खूप काम केलंय."

मी म्हणालो, "तुझ्या मोठ्या काकांनीही केलंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे काही बोललो नाही. घसा दाटला होता, आणि थंडीचं निमित्त बरं होतं.

तेव्हा मनात सरळ हिशेब मांडला गेला : बघा, हा देश. गुरं वळायच्या कसबाला इथे माइक आहे, परीक्षक आहे, करंडक आहे, टाळ्या आहेत. आणि आपल्याकडे ती शिवी. आपण लग्नाला गोरज मुहूर्त धरतो, म्हणजे गुरं घरी परतताना उडालेली धूळ शुभ. गोपाळकाल्याला गुराखी झालेला देव नाचवतो. देव गुराखी चालतो, भाऊ चालत नाही. हा हिशेब मला फार पटला. दुपारपर्यंतच पटला.

दुपारी जेवायला मैदानालगतच्या हॉलमध्ये गेलो. भिंतीवर जुने फोटो होते. एका फोटोत घोड्यांपुढे उभे असलेले सात-आठ पुरुष. मधल्या चौघांची नावं खाली पूर्ण लिहिलेली, आडनावासकट. कडेला उभ्या असलेल्या काळ्या, अनवाणी तिघांच्या खाली काहीच नव्हतं. मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "हे इथले मूळ रहिवासी, बाबा. उत्तरेकडचे मोठे कळप यांनीच तर सांभाळले."

त्या रात्री तिच्या घरी बसून मी वाचत राहिलो. ज्या रानांवर गोऱ्या माणसांनी ताबा घेतला, त्याच रानांत तिथल्या आदिवासींनी त्यांची गुरं राखली. मोबदल्यात पुष्कळदा पीठ, साखर, चहा, थोडं मांस. पैसे असलेच तर गोऱ्या गुराख्याच्या मानाने नगण्य. २३ ऑगस्ट १९६६ रोजी उत्तरेतल्या वेव्ह हिल या प्रचंड गोठाणावरून गुरिंजी समाजाचे सुमारे दोनशे गुराखी, घरकामगार आणि त्यांची कुटुंबं काम सोडून चालत निघाली. पुढे होते विन्सेंट लिंगियारी. समान वेतनाचा निर्णय त्याच वर्षी झाला होता, पण अंमल डिसेंबर १९६८ पर्यंत लांबवलेला. या लोकांची मागणी पगारावरून आपल्या जमिनीपर्यंत गेली आणि नऊ वर्षं टिकली. १६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी तिथली मूठभर माती लिंगियारी यांच्या ओंजळीत घातली.

१९७५ साली आण्णा सतरा वर्षांचा होता आणि धान्यावर गुरं राखत होता.

तेव्हा माझा दुपारचा हिशेब मोडला. टाळ्या कसबाला मिळत होत्या हे खरं, पण कसब कुणाच्या हातात आहे यालाही मिळत होत्या. घोडा स्वतःचा, जनावर स्वतःचं, शनिवार स्वतःचा, तर तो खेळ. दुसऱ्याची गुरं, सुगीचं धान्य, आणि दुसरं काही करायची सोय नाही, तर तेच काम म्हणजे गुरं राखणं. तिथेही आणि इथेही. आणि फोटोखाली नाव न लिहिणारा माणूस दरवेळी कुणी लांबचा मालकच असतो असं नाही. इंदूरच्या त्या संध्याकाळी फोटोखालची जागा मीच कोरी ठेवली होती.

पण मी पुढे गेलो. दुपारची स्पर्धा सांगायची राहिली, आणि फोनही.

दुपारी खरा कॅम्पड्राफ्ट झाला. यात कुत्रं नसतं, घोडा आणि स्वार. लहान आवारात सात-आठ जनावरं. स्वाराने त्यांतलं एक निवडून घोळक्यापासून तोडायचं आणि आवाराच्या तोंडाशी आणायचं. ते मागे सोबत्यांकडे धावायला बघतं, घोड्याने त्याला दोन-तीनदा आडवं जाऊन परतवायचं. ताबा आला असं वाटलं की स्वार "गेट!" म्हणून ओरडतो, फाटक उघडतं आणि जनावर मोकळ्या मैदानात सुटतं. आता ते भरधाव धावत असताना घोडा त्याच्या खांद्याला खांदा लावून त्याला दोन खुंटांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवतो आणि शेवटी आणखी दोन खुंटांच्या मधून काढतो. हे सगळं मिनिटाच्या आत. परीक्षकही घोड्यावरच असतो, हातात आसूड. ताबा सुटला की तो आसूड कडाडतो आणि स्वाराने निमूट बाहेर पडायचं. गुण शंभरपैकी : तोडण्याचे २६, घोड्याच्या कामाचे ७०, आणि वाट पूर्ण केल्याचे फक्त ४. हे मला आवडलं. पोचलात की नाही याला चार, कसे गेलात याला सत्तर.

सकाळचीच बाई दुसऱ्या घोड्यावर आली. मुलीने तिचा अख्खा फेरा मोबाइलवर टिपला. ८७ गुण.

संध्याकाळी सहाला, म्हणजे आपल्याकडे दुपारी दीडला, आम्ही गावी फोन लावला. आण्णा लिंबाखाली बाजेवर होता. आता तो सदुसष्ट वर्षांचा आहे. गावात राखायला कळप उरलेला नाही. नांगरट ट्रॅक्टरने होते, गायरानावर घरं आणि शेतं आली, उरल्या त्या जर्सी गाया दावणीलाच खातात. मुलीने चित्रफीत आधीच पाठवली होती. पुतण्याने ती त्याला तीनदा दाखवली होती म्हणे.

"आण्णा, बघितलंस का?"

"बघितलं. बाई हुशार हाय. घोडं त्येच्यापरीस हुशार." मग जरा थांबून, "कुत्रं चावत न्हाई व्हय?"

मी सांगितलं, चावतं, पण खुराजवळ, आणि सांगितलं तेवढंच. त्याने मान हलवली. मग त्याने तो प्रश्न विचारला जो मी दिवसभर टाळला होता : "आन ही गुरं? खेळ झाल्यावर?"

मी म्हणालो, "आण्णा, मांसासाठीच पाळलेली असतात ती."

तो गप्प झाला. मला वाटलं, आता काही बोलेल. बराच वेळाने म्हणाला, "आपन म्हाताऱ्या बैलाचं काय करतो त्ये बी म्या बघितलंय. जाऊ दे."

मुलगी मध्येच फोनच्या तोंडाशी येऊन म्हणाली, "मोठे काका, तुम्ही इकडे या. इथल्या लोकांना शिकवा." तो हसला. घोड्यावर बसायचं वय गेलं म्हणाला. कधी बसलो होतो, हेही म्हणाला. ती आत गेली. पडद्यावर आम्ही दोघंच उरलो. त्याच्या मागे लिंबाची सावली हलत होती, माझ्या मागे अंधार पडला होता.

मी म्हणालो, "आण्णा, इंदूरला तू आला होतास ना, त्या दिवशी..."

"कवा?" त्याने इतक्या चटकन विचारलं, की त्याला ते आठवत होतं हे मला कळलं.

"साहेब आले होते बघ. मी त्यांना म्हणालो..."

"आरं, किती वर्सं झाली." त्याने हातानेच ते बाजूला सारलं, बाजेवरचा पाला झटकावा तसं. पण फोनवरून नजर काढली नाही. मी म्हणालो, "मी चुकलो होतो, आण्णा." त्यावर तो हो म्हणाला नाही, असू दे म्हणाला नाही. थोडा वेळ तसाच बसला. मग म्हणाला,

"त्या बाईला मार्क किती पडलं म्हनलास?"

"सत्त्याऐंशी. शंभरात."

"म्हंजे तेरा गेलं." त्याने फोन जवळ धरला; पडद्यावर त्याचा अर्धाच चेहरा दिसायला लागला, पांढऱ्या भुवया आणि बारीक केलेले डोळे. "कुठं गेलं त्ये सांगू?"

"सांग," मी म्हणालो, आणि खुर्ची ओढून बसलो.